सैनिक मरायचे कसे थांबले?

वस्तीत आरोग्य शिबिर घ्यायला गेलो की एक वाक्य आम्हाला हमखास ऐकू येते : "या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही." बाहेरचे बोलतात, आणि शिकून वस्तीबाहेर पडलेली आपलीच काही माणसेही बोलतात. याचे उत्तर ब्रिटिश फौजेच्या इतिहासात आहे.

क्रिमियन युद्धात (१८५३-५६) ब्रिटिश सैनिक जखमांपेक्षा रोगांनी कितीतरी जास्त मेले. युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आकडेतज्ज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने एक साधा प्रश्न विचारला : शांततेच्या काळात, खुद्द इंग्लंडच्या बराकीत राहणारा सैनिक आणि त्याच वयाचा सामान्य नागरिक, यांत जास्त कोण मरतो? सैनिकांचा मृत्युदर नागरिकांच्या जवळपास दुप्पट निघाला. सैनिक म्हणजे तपासून निवडलेला धडधाकट तरुण. तोच जास्त मरत असेल तर दोष त्याच्या शरीरात किंवा सवयीत शोधून कसे चालेल? दोष कोंदट बराकींत, दाटीवाटीत आणि तुंबलेल्या गटारांत होता.

हिंदुस्थानात स्थिती याहून भयानक होती. येथील गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९ असल्याचे १८६३च्या शाही आयोगाच्या अहवालाने दाखवले. तोवर 'इथली हवाच वाईट' असे सांगितले जाई. अहवालाने बोट ठेवले ते घाण पाणी, गटारांचा अभाव, गर्दी आणि दारूवर. १८५७च्या उठावानंतर सरकारला गोरा सैनिक जिवंत हवा होता. म्हणून छावण्यांत पाणी, गटारे, बराकी यांवर पैसा खर्च झाला. १८७३ मध्ये नाइटिंगेल यांनी हा दर हजारी १८ पर्यंत उतरल्याचे मांडले. हवा तीच होती, व्यवस्था बदलली होती.

पण ही व्यवस्था कुणाला मिळाली? देशी शिपायाला बहुधा पक्की बराकही नव्हती. थोडा भत्ता घेऊन त्याने आपली झोपडी आपणच बांधायची. छावणीच्या हद्दीबाहेरची जनता त्याहून मागे. आणि ज्यांना गावाच्या पाणवठ्यालाच हात लावता येत नव्हता, ते आपले लोक सर्वांच्या शेवटी. राज्याला ज्याची गरज, त्याचे आरोग्य आधी, असा हा हिशेब होता.

आपला फौजेशी संबंध जुना आहे. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीतच झाला. सुभेदार रामजी तेथील लष्करी शाळेत शिकवत. फौजेने आपल्या माणसांना पगार, पेन्शन आणि मुलांना शाळा दिली. १८९२च्या सुमारास महारांची भरती बंद झाली आणि हे दार मिटले. महाडजवळच्या रावढूळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरतीसाठी अर्ज केला. त्यामागे नोकरी होती, तसाच माणूस म्हणून जगण्याचा प्रश्नही होता. त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. तो समतेचा संगर होता हे आपण जाणतोच. पण सार्वजनिक पाण्यावरचा हक्क हा आरोग्याचाही पाया आहे, हे आपण अनेकदा विसरतो.

संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व आहे. केवळ त्याच्या आधारे न्यायालयातून अंमलबजावणी मागता येत नाही. म्हणून दबाव आपणच निर्माण केला पाहिजे, आणि तोही आकड्यांनिशी.

आमचे तरुण कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच : पुढच्या वेळी कुणी सवयीची भाषा केली तर वाद घालत बसू नका. आपल्या वस्तीत माणशी पाणी किती येते, संडास किती घरांमागे एक आहे, गटार कधी उपसले, कोणत्या वयाची माणसे कशाने गेली, हे लिहून काढा. शेजारच्या सोसायटीचे तेच आकडे मिळवा. दोन्ही कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात जा. सैनिकांना उपदेशाने वाचवले नव्हते. तुलनेचे आकडे पुढे आले आणि मग नळ, गटारे आली.

जय भीम!