पडद्यावरची शिकवणी आणि निवडीचा इतिहास

चलचित्राच्या साहाय्याने ज्ञान सर्वसामान्यांपर्यंत नेण्याचा प्रयत्न इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून चालत आला असून, भारतात त्याची सूत्रे दीर्घकाळ शासनाच्या हाती होती. १९४८ साली मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट, म्हणजे माहिती व शिकवण देणारे लघुपट, चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवणे बंधनकारक होते. प्रेक्षकाने काय पाहावे हे संस्थेने ठरवायचे आणि प्रेक्षकाने ते पाहायचे, हीच त्या काळाची रीत होती.

या रीतीचे सर्वांत धाडसी रूप म्हणजे ‘साइट’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणी शिक्षणप्रयोग होय. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात, नासाच्या एटीएस-६ या उपग्रहाचा उपयोग करून इस्रोने राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट प्रक्षेपण पोहोचवले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीपासून बनवलेली, सुमारे तीन मीटर व्यासाची अँटेना उभारून गावातल्या सामायिक संचावर सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य व कुटुंबनियोजन या विषयांवरचे कार्यक्रम दाखवले जात. पुढे १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा उच्चशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला आणि त्यासाठी पुण्यासह निरनिराळ्या विद्यापीठांत निर्मितिकेंद्रे उभी राहिली. या उपक्रमांची व्याप्ती मोठी होती. मात्र त्यांना एक मर्यादा होती, ती अशी की प्रक्षेपणाची वेळ हुकली की धडाही हुकत असे, आणि न समजलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय विद्यार्थ्याला नव्हती.

ही मर्यादा इंटरनेटमुळे दूर झाली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००१ मध्ये आपले अभ्याससाहित्य विनामूल्य खुले करण्याची घोषणा केली; भारतात सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ हा प्रकल्प हाती घेतला, आणि अभियांत्रिकीच्या संपूर्ण अभ्यासक्रमाची व्याख्याने लहान गावातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही मिळू लागली. २००५ साली यूट्यूब सुरू झाल्यावर तर निर्मितीचा अधिकारच संस्थेकडून व्यक्तीकडे आला. सलमान खान या वित्तविश्लेषकाने दूर राहणाऱ्या नात्यातल्या मुलीला गणित शिकवता शिकवता २००६ मध्ये आपले धडे तेथे ठेवण्यास प्रारंभ केला आणि त्यातूनच ‘खान अकॅडमी’ उभी राहिली. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत अक्षरांत उमटत जाणारे गणित आणि सोबत केवळ आवाज, शिक्षकाचा चेहरा कोठेही नाही, असे त्या धड्यांचे स्वरूप होते. त्या काळी यूट्यूबवर साधारण दहा मिनिटांहून लांब चित्रफीत चढवता येत नसल्यामुळे एका धड्यात एकच संकल्पना मांडण्याची शिस्त आपोआप लागली, आणि ती पुढच्या अनेकांनी उचलली.

यानंतरच्या दशकात छंद, कला आणि शास्त्रे यांना वाहिलेली चॅनल्स, म्हणजे एकाच निर्मात्याच्या चित्रफितींची सलग मालिका देणारी दालने, मोठ्या संख्येने निर्माण झाली. त्यांतील ज्यांनी काळाची कसोटी पार केली, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. नॉटिंगहॅम विद्यापीठातील ‘पिरियॉडिक व्हिडिओज’ने २००८ पासून आवर्तसारणीतील ११८ मूलद्रव्यांपैकी प्रत्येकावर चित्रफीत केली आणि नवे प्रयोग व नवी माहिती हाती आली तेव्हा जुन्या विषयांकडे पुन्हा वळण्याचा प्रामाणिकपणा दाखवला. ग्रँट सँडरसन यांच्या ‘थ्रीब्लूवनब्राउन’ने २०१५ पासून स्वतः लिहिलेल्या संगणकप्रणालीच्या आधारे रेषीय बीजगणितासारखा कोरडा वाटणारा विषय भूमितीच्या हालचालींतून उलगडला. हस्तकौशल्यात रस असणाऱ्यासाठी ऑस्ट्रेलियातील ‘प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी’ हे चॅनल अभ्यसनीय ठरते. त्यात एक मनुष्य रानातील माती, दगड, लाकूड अशा नैसर्गिक वस्तूंखेरीज काहीही न वापरता भट्टी रचतो, कौले भाजतो, झोपडी शाकारतो आणि तोंडून एक शब्दही न काढता सारे स्पष्टीकरण तळाशी येणाऱ्या मजकुरातून देतो. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला २००६ पासून ब्रिटनमध्ये भरणाऱ्या ‘दरबार’ महोत्सवाच्या चॅनलवर ध्रुपद, ख्याल आणि वाद्यवादन उत्तम ध्वनिमुद्रणासह ऐकता येते. मराठी स्वयंपाकाच्या क्षेत्रात २००९ मध्ये अमेरिकेतून सुरू झालेल्या ‘मधुराज रेसिपी’ने परदेशस्थ मराठी कुटुंबांनाही घरच्या चवीशी बांधून ठेवले. फिल्म्स डिव्हिजनचे अनेक जुने अनुबोधपटही आता यूट्यूबवर उपलब्ध असल्यामुळे, एके काळी सक्तीने पाहिली जाणारी ती चित्रे आज इतिहासाच्या अभ्यासकाला स्वेच्छेने पाहता येतात.

या परंपरेत महाराष्ट्राचे सर्वांत मोलाचे योगदान पुण्याचे आहे. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेल्या अरविंद गुप्ता यांनी मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची पद्धत घडवली आणि पुढे पुण्यातील ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत तिला चित्रफितींचे रूप दिले. सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये वापरली जाणारी बारीक रबरी नळी कापून तिच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांत आगकाड्या खोचल्या की सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण बोटांनी दाबला तरी ढळत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच तिरपा होतो, आणि पूल व छपरांच्या कैच्या त्रिकोणी का असतात हे मुलाला पाठांतरावाचून कळते. अशा छोट्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य उपलब्ध आहेत. २०१८ साली या कार्याचा पद्मश्रीने गौरव झाला. खर्चिक उपकरणे किंवा झगमगीत मांडणी यांच्यावाचूनही दृश्यशिक्षण किती सखोल होऊ शकते, याचा हा निर्विवाद पुरावा आहे.

निर्मिती अशी बहरत असताना निवडीची सूत्रे मात्र तिसऱ्याच हाती गेली. यूट्यूबने २०१२ मध्ये आपल्या अल्गोरिदममध्ये, म्हणजे कोणाला काय सुचवायचे हे ठरवणाऱ्या गणिती नियमावलीत, महत्त्वाचा बदल केला आणि किती जणांनी चित्रफीत उघडली याऐवजी किती वेळ पाहिली गेली याला अधिक वजन दिले. २०१८ च्या आरंभी कंपनीनेच सांगितल्याप्रमाणे पाहण्याच्या एकूण वेळेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वेळ या यांत्रिक शिफारशींतून येत होता. प्रेक्षक खिळून राहतो याचा अर्थ तो काही शिकतो असा होत नाही, आणि या दोहोंतला फरक यंत्राला कळत नाही. पूर्वी निवड करणाऱ्या शासकीय व शैक्षणिक संस्थांवर एकसुरीपणाचा आरोप करता येईल, तरीही विषयाचे महत्त्व, पाहणाऱ्याची गरज आणि माहितीची सत्यता यांचा विचार कोणीतरी जाणीवपूर्वक करत असे, ही गोष्ट नाकारता येत नाही.

म्हणूनच जाणत्या माणसाने केलेल्या शिफारशीला आज पूर्वीपेक्षा अधिक मोल आहे. निर्माता आपल्या माहितीचे आधार सांगतो काय, चूक दाखवून दिल्यावर ती दुरुस्त करतो काय, आणि निष्कर्षाबरोबर प्रक्रियाही दाखवतो काय, या तीन प्रश्नांची उत्तरे तपासली तर चांगले चॅनल ओळखणे अवघड नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे महाराष्ट्रात गावोगावी ग्रंथालयांचे जाळे विणले गेले आहे, आणि उत्तम पुस्तक वाचकाच्या हाती देण्याचे काम तेथील ग्रंथपाल पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. त्याच ग्रंथालयांनी आणि शाळांनी विषयवार चॅनल्सच्या याद्या तयार कराव्यात, प्रत्येक नावापुढे ते का पाहावे याचे कारण दोन ओळींत लिहावे आणि दरवर्षी त्या याद्या नव्याने तपासाव्यात. या कामाला निधी लागत नाही, जाणकारी आणि आस्था लागते, आणि त्या दोन्ही गोष्टी मराठी समाजात आहेत.