प्रतिकृतिस्पर्धा आणि उद्योगांचा आश्रय : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात

१

लहान आकाराच्या प्रतिकृती तयार करण्याची हौस ही बालवयातील क्रीडा होय, असे समजून इतिहासाचे अभ्यासक तिच्याकडे सहसा लक्ष देत नाहीत. परंतु या हौसेला स्पर्धेचे रूप आले, त्या स्पर्धेला नियम, परीक्षक व पारितोषिके लाभली, आणि त्यांचा खर्च एखाद्या उद्योगसंस्थेने उचलला, की तो विषय केवळ क्रीडेचा राहत नाही. आश्रय कोण देतो, कशासाठी देतो, आणि आश्रय संपल्यावर मागे काय उरते, हे आर्थिक व सांस्कृतिक इतिहासाचे प्रश्न तेथे उपस्थित होतात. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार करणे अनेक दृष्टींनी उपयुक्त ठरते. एकीकडे दिवाळीत मातीचे किल्ले करण्याची पश्चिम महाराष्ट्रातील परंपरा येथे घरोघर परिचित आहे. दुसरीकडे साखर, यंत्रे, कागद व वाहने यांचे उद्योग याच भूमीत उभे राहिलेले आहेत.

आश्रयाची कल्पनाही या परिसराला नवी नाही. कऱ्हेच्या काठी बारामतीस बाबूजी नाईकांचा वाडा आहे. बाबूजी नाईक हे पेशवाईतील मातबर सावकार. पेशव्यांच्या घराण्याशी त्यांचा शरीरसंबंधही होता. त्यांच्या आश्रयाने कवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांनी आपल्या आयुष्याचा फार मोठा भाग बारामतीत काव्यरचनेत घालविला. सावकाराच्या द्रव्यावर पोसलेले हे वाङ्मय आज सावकारीची आठवण म्हणून कोणी वाचत नाही. आश्रयदात्याचा हेतू आणि आश्रयातून निर्माण झालेली वस्तू या दोन गोष्टी वेगळ्या असतात, आणि दुसरी पहिलीहून दीर्घायू ठरू शकते, हे सूत्र पुढील विवेचनात ध्यानात ठेवावयास हवे.

२

दिवाळीतील किल्ला ही महाराष्ट्रातील सर्वात व्यापक प्रतिकृतिकला म्हणावयास हरकत नाही. दगड, विटा व माती यांचा ढीग रचून त्यावर भिजविलेले गोणपाट पसरावयाचे, वर मातीचा लेप द्यावयाचा, तट व बुरूज कोरावयाचे, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवावयाची, आणि कुंभाराकडून आणलेली चित्रे पायरीपायरीने मांडावयाची, ही तिची सर्वपरिचित रीत. बारामती-इंदापूरच्या काळ्या जमिनीत या कामाला एक स्थानिक अडचण आहे. काळी माती वाळताना आकसते व तिला भेगा पडतात. म्हणून तीत मुरूम किंवा तांबडी माती मिसळल्यावाचून तट टिकत नाही. मुले हे ज्ञान पुस्तकातून मिळवीत नाहीत. पहिल्या वर्षीचा कोसळलेला बुरूज ते शिकवितो.

या किल्ल्याचे प्रमाण मात्र मोजमापाचे नसते. शिखरावरील शिवछत्रपतींची मूर्ती महादरवाजाहून मोठी असते, आणि पायथ्याच्या खेड्यातील पाणी आणणारी बाई बुरुजाच्या उंचीची असते. यात अज्ञान आहे असे मानणे चुकीचे होईल. जे महत्त्वाचे ते मोठे, हा येथील नियम होय, आणि जुन्या चित्रकलेतही तोच आढळतो. उलट, आधुनिक प्रतिकृतिकलेत मूळ वस्तूचा प्रत्येक भाग एकाच गुणोत्तराने लहान केला जातो. एकास बहात्तर किंवा एकास शंभर असे प्रमाण एकदा ठरले की दरवाजा, तोफ व मनुष्य यांना तेच लागू होते. पहिल्या पद्धतीत श्रद्धेला स्थान आहे, दुसरीत मापनाला. स्पर्धेच्या इतिहासात हा भेद निर्णायक ठरतो, कारण परीक्षकाला गुण द्यावयाचे असतात आणि श्रद्धेला गुण देता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बारामती व इंदापूर हे प्रामुख्याने पठारी प्रदेश आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणाऱ्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांपैकी शिवनेरी, लोहगड व राजगड हे पुणे जिल्ह्यात आहेत. परंतु तिन्ही जिल्ह्याच्या उत्तर व पश्चिम भागांतील डोंगरांवर आहेत. म्हणजे या दोन तालुक्यांतील मूल जो डोंगरी किल्ला करते, तो बहुधा अंगणातून दिसणारा नसतो. चित्रांतून, पाठ्यपुस्तकातून व सहलीतून मनात साठविलेला असतो. आसपास जे प्रत्यक्ष दिसते ते निराळे आहे : इंदापूरची मालोजीराजांच्या नावाने ओळखली जाणारी गढी, बारामतीचा वाडा, आणि पळसदेवचे जुने शिवमंदिर. भीमेवर उजनीचे धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले तेव्हा हे मंदिर जलाशयात गेले. पाणी फार ओसरले की त्याचे शिखर व भिंती उघड्या पडतात.

३

उद्योगसंस्थांनी प्रतिकृतिस्पर्धांना आश्रय देण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. तिची दोन उदाहरणे परस्परविरोधी असल्यामुळे विशेष बोधप्रद आहेत.

पहिले उदाहरण इंग्लंडचे. कॅस्ट्रॉल या वंगणतेलाचे उत्पादक चार्ल्स वेकफील्ड यांनी १९२८ मध्ये रबराच्या पिळाने उडणाऱ्या लहान विमानांच्या स्पर्धेसाठी एक चषक दिला. तेलाच्या व्यापाऱ्याला रबरावर चालणाऱ्या विमानाचा प्रत्यक्ष लाभ काहीच नव्हता; उड्डाणाच्या वातावरणात आपले नाव राहावे एवढाच त्यात स्वार्थ असावा. नियम ठरविण्याचे काम मात्र हौशी विमानकारांच्या संस्थेकडे राहिले, आणि पुढे ते आंतरराष्ट्रीय विमानविद्या महासंघाकडे गेले. त्यामुळे दाता गेल्यावरही त्या प्रकारच्या विमानाला जगभरचे हौशी लोक वेकफील्ड याच नावाने ओळखतात, आणि त्याच्या स्पर्धा अद्याप होतात.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी एक कारागीर-संघ स्थापन केला. फिशर घराणे मूळचे बग्गी तयार करणारे. नेपोलियनच्या काळातील राजेशाही बग्गी हे त्यांच्या व्यापाराचे चिन्ह होते. त्या बग्गीची हुबेहूब लहान प्रतिकृती स्वहस्ते घडविणे हीच स्पर्धेची पहिली अट होती. लाकूडकाम, धातुकाम, रंगकाम व गादीकाम या सर्व कसबांची त्यात परीक्षा होई, आणि मोठ्या पारितोषिकांत विश्वविद्यालयीन शिष्यवृत्त्यांचा समावेश असे. १९३७ पासून स्वतःच्या कल्पनेने मोटारीचा आराखडा करून तिची प्रतिकृती घडविण्याचा विभाग सुरू झाला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानेच बग्गीची जागा घेतली. हा बदल आकस्मिक नव्हता. मोटारीचा सांगाडा लाकडाचा होता तोवर कंपनीला सुतार हवे होते. सांगाडा पोलादी झाल्यावर तिला आराखडे करणारे हवे झाले. १९४७ च्या स्पर्धेत अग्रस्थान मिळविणारे चार्ल्स जॉर्डन पुढे त्याच कंपनीच्या आराखडा-विभागाचे प्रमुख झाले, हे पाहता तिचा हेतू सफल झाला असे म्हणावे लागते. परंतु ही स्पर्धा केवळ मुलग्यांसाठी होती. मुलींना तिचे दार बंद होते. आणि १९६८ मध्ये कंपनीने ती थांबविली तेव्हा तिचे नियम पुढे चालविणारे दुसरे कोणी नव्हते.

दोन्ही उदाहरणांत द्रव्य उद्योगाचेच होते. भेद होता तो नियमांच्या मालकीचा. जेथे नियम हौशी समाजाच्या हाती राहिले तेथे हौस टिकली. जेथे ते दात्याच्या कार्यालयात राहिले तेथे दात्याची गरज संपताच स्पर्धा संपली.

उद्योग आणि प्रतिकृती यांच्या संबंधाचा एक तिसरा प्रकारही नोंदविण्याजोगा आहे. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९४९ च्या सुमारास फर्ग्युसन ट्रॅक्टरची लहान प्रतिकृती तयार केली. ती मुळात ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रतिनिधींसाठी होती. पुढे तिचे सुटे भाग जोडणीच्या संचाच्या रूपाने बाजारात आले, आणि ती कंपनी प्लॅस्टिकच्या संचांसाठी जगप्रसिद्ध झाली. जाहिरातीची वस्तू हौसेची वस्तू कशी होते, याचा हा स्वच्छ नमुना होय.

४

महाराष्ट्रातही जाहिरातीतून संस्कृती निर्माण झाल्याचे ठळक उदाहरण आहे. लोखंडी नांगर व यंत्रे करणाऱ्या किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांस द्यावी हा त्याचा आरंभीचा हेतू. थोड्याच वर्षांत ते मराठीतील एक प्रमुख मासिक झाले आणि त्याच्या जोडीला १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. संपादकाला स्वातंत्र्य होते व वाचकांनी त्या पत्राला आपले मानले, म्हणून हे घडले. वेकफील्डच्या चषकाप्रमाणेच येथेही दात्याने हात आखडता न घेता सैल सोडला होता.

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचा इतिहास या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. नीरेच्या डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रदेशात पाणी आणले, ऊस आला, आणि १९३० नंतरच्या दशकात वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी कळंबच्या शिवारात साखर कारखाना व त्याभोवती वसाहत उभी केली. ज्यांच्या नावाने हे नगर ओळखले जाते त्यांनी जहाज, विमान व मोटार या तिन्ही क्षेत्रांत स्वदेशी उद्योगाचा पाया घातला. सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी व १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. विशाखापट्टणच्या गोदीतील ‘जलउषा’ हे जहाज १९४८ मध्ये पाण्यात उतरले. जगभरच्या हौशी प्रतिकृतिकारांचे आवडते विषय नेमके हेच तीन होत. वालचंदनगरचा कारखाना पुढे अवजड यंत्रनिर्मितीकडे वळला आणि भारतीय अग्निबाणांचे काही भागही तेथे घडविले गेले. बारामतीच्या औद्योगिक क्षेत्रात पियाजिओ कंपनीची तीनचाकी वाहने तयार होतात, आणि २०१२ पासून तेथे व्हेस्पा स्कूटरही तयार होऊ लागली. प्रतिकृतीसाठी मूळ वस्तू शोधण्यास या परिसरातील विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही.

या परिसरातील उद्योगाश्रयाचे एक वैशिष्ट्य मात्र पाश्चात्त्य उदाहरणांत नाही. माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने सभासदांच्या मालकीचे आहेत. अशा कारखान्याने मुलांच्या स्पर्धेला साह्य केले तर दाता आणि पालक एकच ठरतात. खासगी कंपनी भावी ग्राहक किंवा भावी कामगार पाहते. सहकारी संस्थेला स्वतःचा भावी सभासद पाहावा लागतो. अर्थात तेथेही पारितोषिक-वितरणाचे व्यासपीठ मुलापेक्षा पुढाऱ्याला अधिक उपयोगी पडण्याचा धोका असतोच. आश्रयाचे स्वरूप बदलले तरी त्याची किंमत चुकत नाही.

५

सद्यःकालीन कायद्याने हा भेद अनपेक्षितपणे स्पष्ट केला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये ठरावीक मर्यादेपलीकडील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वासाठी खर्च करावी लागते. शिक्षण आणि राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे जतन हे विषय त्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत. परंतु २०२१ च्या सुधारित नियमांनी आपल्या मालाच्या विक्रीस लाभ व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व या गणनेतून वगळले. म्हणजे मुलांना गढीचे मोजमाप शिकविण्यासाठी केलेला खर्च सामाजिक उत्तरदायित्वात मोडू शकतो. मंडपावर मालाचे नाव झळकविण्यासाठी केलेला खर्च जाहिरातच राहतो. दान व जाहिरात यांतील जी सीमारेषा इतिहासात नेहमी धूसर राहिली, ती येथे कायद्याने आखण्याचा प्रयत्न केला आहे.

यावरून प्रतिकृतिस्पर्धांचे मूल्यमापन करताना चार कसोट्या लावता येतात. नियम कोणाच्या हाती आहेत; विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मुलाला आहे की दात्याला; पारितोषिकाने पुढील शिक्षणाचा मार्ग खुला होतो की नाही; आणि स्पर्धेनंतर प्रतिकृतीचे, निदान तिच्या मोजमापांचे, जतन होते की नाही. चौथी कसोटी या परिसरासाठी सर्वात महत्त्वाची आहे. दिवाळीचा किल्ला मोडण्यासाठीच बांधलेला असतो, आणि त्याचे सौंदर्य त्या क्षणिकतेतच आहे. त्यावर मोजपट्टी लादणे म्हणजे त्याचा प्राण घेणे होय. परंतु वाडा, गढी व बुडालेले मंदिर यांची गोष्ट वेगळी आहे. पाणी ओसरलेल्या एखाद्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांनी पळसदेवच्या मंदिराची मापे घेऊन ठरावीक प्रमाणात त्याची प्रतिकृती केली, तर ती पाणी पुन्हा चढल्यावर एका वास्तूचा पुरावा म्हणून उरेल. तिच्यासाठी लाकूड व रंग कोणाच्या पैशाने आले, हे तेव्हा गौण ठरेल. बाबूजी नाईकांच्या द्रव्याविषयी आज तेच म्हणता येते.

उद्योगांचा आश्रय स्वीकारावा की नाकारावा, असा प्रश्न विचारणे म्हणूनच व्यर्थ आहे. वेकफील्डचा चषक, अमेरिकेतील बग्गी आणि किर्लोस्करवाडीचे मासिक यांचा एकत्रित निष्कर्ष असा की आश्रय टिकाऊ ठरतो तो दात्याच्या औदार्याच्या प्रमाणात नव्हे, तर हौशी समाजाच्या स्वायत्ततेच्या प्रमाणात. बारामती-इंदापूरच्या शाळा, महाविद्यालये व मंडळे यांनी नियमांची वही स्वतःजवळ ठेवली, तर देणारा बदलला तरी स्पर्धा चालेल. ती वही दात्याच्या हाती गेली, तर त्याच्या ताळेबंदाबरोबर तीही मिटेल.