जबलपूरचे रस्ते : खडी, जकात आणि खराटा

जबलपूरचा इतिहास सांगावयाचा म्हटला की आपण राणी दुर्गावतीपासून आरंभ करतो. १७८१ साली हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे व १७९८ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांकडे कसा आला ते अभिमानाने सांगतो आणि १८१७ साली इंग्रजी अंमल बसला, तेथे थांबतो. पायाखालच्या रस्त्यांची बखर मात्र कोणी लिहीत नाही.

येथे नगरपालिका स्थापन झाली ती १८६४ साली. तीन वर्षांनी अलाहाबादकडून आगगाडी आली. मार्च १८७० मध्ये इटारसीकडचा लोहमार्ग येऊन मिळाला आणि मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे जबलपुरात जोडली गेली. या सांध्याने गाव फुगले. १८७२ साली पंचावन्न हजारांच्या आसपास असलेली वस्ती १९०१ पर्यंत नव्वद हजारांवर गेली. स्टेशनाकडे धान्याच्या व कापसाच्या गाड्यांची रीघ लागली. लोखंडी धावेची ती चाके रस्त्याला असे चरे पाडीत की पावसाळ्यात त्यांचे ओहोळच व्हावेत. मग दगड फोडून खडी करावयाची, ती अंथरावयाची, वर मुरूम टाकून पाणी शिंपावयाचे व रूळ फिरवावयाचा. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. उन्हाळ्यात धूळ बसविण्यासाठी भिस्ती मशक घेऊन फिरे. १८८३ साली खंदारीच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आले.

हा खर्च कोण सोशी? मध्यप्रांतातील नगरपालिकांचे मुख्य उत्पन्न जकातीचे. शहरात येणाऱ्या धान्यावर, तुपावर, सरपणावर नाक्यावर कर पडे आणि तो अखेर गिऱ्हाइकाच्या माथी बसे. पालखीतून जाणारा व अनवाणी चालणारा, दोघेही जेवणाच्या ताटातून रस्त्याचे पैसे देत. आमच्या मते अनवाण्याच्या ताटाला ते अधिक जड जात. छावणीचा कारभार निराळा, तिचे नियम निराळे. लष्करात रोगराई शिरू नये या धास्तीने छावण्यांच्या स्वच्छतेवर सरकारची नजर करडी असे. जुन्या शहरातील बोळांचे भाग्य तेवढे थोर नव्हते.

आणि झाडीत कोण? उत्तर हिंदुस्थानातील शहरांत कोणत्या गल्लीतील घरे कोणत्या मेहतराची, हे वंशपरंपरेने ठरलेले असे. त्या हक्काची देवघेवही होई. नगरपालिकांनी त्याच माणसांना पगारी नोकर केले. डोक्यावरची पाटी गेली नाही. गाडगेबाबांच्या हातातला खराटा आपण मराठी माणसांनी डोळे भरून पाहिला आहे. परंतु बाबांनी तो स्वेच्छेने उचलला होता. येथे तो जन्माबरोबर हाती येई, आणि सोडू म्हटल्यास सुटत नसे. व्हिक्टोरिया टाऊन हॉलसाठी देणगी देणाऱ्या राजा गोकुळदासांचे नाव शहराला पाठ आहे. तो हॉल ज्या रस्त्यावर उभा राहिला, तो रोज पहाटे झाडणाऱ्याचे नाव आम्हांस कोठे आढळले नाही. आमच्या मंडळाच्या जमाखर्चातही गणेशोत्सवानंतरची झाडलोट रकमेनेच लिहिलेली असते.

याच टाऊन हॉलवर राष्ट्रध्वज लावण्यावरून १९२३ चा झेंडा सत्याग्रह पेटला. त्याला दहा वर्षे उलटून गेली तेव्हा, १९३३ च्या डिसेंबरात, हरिजन यात्रेच्या निमित्ताने गांधीजी जबलपुरास आले. पाटी डोक्यावरून उतरविण्याचा कायदा व्हावयास त्यानंतर आणखी साठ वर्षे लागली. तो १९९३ साली झाला, आणि तेवढ्याने भागले नाही म्हणून २०१३ साली पुन्हा करावा लागला.