अभिधेचे शिक्षण

शब्दशक्ती शिकवताना आम्ही अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशी चढती भाजणी मांडतो. वाच्यार्थापाशी थांबतो तो नवखा आणि सूचितार्थ ओळखतो तो सहृदय, ही आमची वर्गातली शिकवण. परंतु गेल्या सुमारे पन्नास वर्षांत काही जोखमीच्या व्यवसायांनी याच्या नेमकी उलट शिकवण जाणीवपूर्वक उभी केली. तेथे सूचकतेपायी माणसे दगावली होती, म्हणून अभिधा शिकवावी लागली. तो इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनीही जाणून घ्यावा असा आहे.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ येथील विमानतळ. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे अनेक विमाने इकडे वळवली होती. त्यात दाट धुके. केएलएम आणि पॅन अॅम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने एकाच धावपट्टीवर होती. केएलएमचे कॅप्टन फान झांटेन हे कंपनीच्या ७४७ विमानांवरील प्रशिक्षणाचे प्रमुख होते; सहवैमानिकाची या विमानासाठीची परीक्षाही त्यांनीच नुकतीच घेतली होती. कॅप्टनने इंजिनांचा जोर वाढवला तेव्हा परवानगी मिळालेली नाही, याकडे सहवैमानिकाने लक्ष वेधले आणि कॅप्टन थांबले. थोड्या वेळाने उड्डाणाची स्पष्ट परवानगी नसतानाच त्यांनी विमान पुन्हा सोडले. या वेळी सहवैमानिकाने त्यांना अडवले नाही. नियंत्रकाला त्याने रेडिओवरून जे सांगितले, त्याचे दोन अर्थ निघत होते : विमान उड्डाणासाठी सज्ज उभे आहे, किंवा ते निघाले आहे. नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. पॅन अॅमचे विमान अजून बाजूला झालेले नाही का, असे त्याने विचारले. कॅप्टनने ठामपणे झाले म्हणून सांगितले. काही क्षणांतच टक्कर झाली. ५८३ माणसे गेली.

त्या इंजिनिअरने विधान केले नाही, प्रश्न विचारला. इशारा प्रश्नाच्या पोटात राहिला. आमच्या परिभाषेत ही व्यंजनाच. ती ऐकणारा मात्र सहृदय नव्हता. या अपघातानंतर रेडिओवरील शब्दयोजनाही बदलली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक पडला. एका शब्दाला एकच अर्थ उरावा, एवढाच त्याचा हेतू.

पुढल्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८ विमान कोसळले. चाके नीट उतरली की नाहीत, या शंकेपायी कॅप्टन सुमारे तासभर घिरट्या घालीत राहिले आणि इंधन संपले. १८९ जणांपैकी १० जण मृत्युमुखी पडले. फ्लाइट इंजिनिअर त्यांतलाच एक. इंधनाचा उल्लेख सहकाऱ्यांनी केला होता, पण तो आकड्यांच्या रूपात. ‘आता उतरलेच पाहिजे’ अशा शब्दांत नव्हे. चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने १९७९ साली दुहेरी शिफारस केली. कॅप्टनांना सहकाऱ्यांना सामावून घेणारे नेतृत्व शिकवावे आणि सहकाऱ्यांना आपले म्हणणे ठामपणे मांडायला शिकवावे. त्याच वर्षी नासाने या विषयावर कार्यशाळा भरवली आणि १९८१ साली युनायटेडने असे प्रशिक्षण सुरू केले. विमान चालवण्याच्या कौशल्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. म्हणूनच अनेक वैमानिकांनी त्याची शिष्टाचाराची शाळा म्हणून टर उडवली.

शिकवले जाई ते साधेच. प्रथम समोरच्याला हाक मारून लक्ष वेधा, आपल्याला काळजी वाटते हे सांगा, अडचण नेमकी सांगा, उपाय सुचवा, शेवटी त्याची संमती विचारा. कालांतराने प्रशिक्षणाच्या नावातला ‘कॉकपिट’ जाऊन तेथे ‘क्रू’ आला. त्याची निकड ८ जानेवारी १९८९ च्या इंग्लंडमधील केगवर्थ येथील अपघाताने दाखवून दिली. कॅप्टनने उजव्या इंजिनात बिघाड झाल्याचे जाहीर केले, पण केबिनमधल्या अनेकांनी डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना पाहिल्या होत्या. कोणीच ते पुढे जाऊन सांगितले नाही. ४७ जण दगावले.

त्याच वर्षी १९ जुलै रोजी याची दुसरी बाजूही दिसली. युनायटेडच्या डीसी-१० विमानाचे शेपटीतले इंजिन फुटले आणि विमान वळवण्याची सगळी यंत्रणा निकामी झाली. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक-वैमानिकाची मदत घेतली आणि उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-अधिक करण्याचे काम त्याच्यावर सोपवले. सू सिटी येथे विमान आदळले. ११२ जण गेले, पण १८४ वाचले. हेन्स यांनी पुढे त्याचे श्रेय या प्रशिक्षणालाही दिले.

शस्त्रक्रियागृहांनीही हे धडे घेतले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ सालच्या तपासणीसूचीत, चीर देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगितले आहे ना, याची खात्री करून घेण्याचे कलम आहे. ज्याने एकदा तोंड उघडले, त्याला पुन्हा उघडणे सोपे जाते.

आदरार्थी रूपांनी समृद्ध भाषांना या मौनाबद्दल जबाबदार धरण्याचा मोह होतो. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००८ साली कोरियन विमान-अपघातांच्या संदर्भात असा युक्तिवाद लोकप्रिय केला. आम्हांस तो अपुरा वाटतो. टेनेरिफचा कॅप्टन डच होता, पोर्टलंडचे विमान अमेरिकन होते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतल्या अंतरापेक्षा परीक्षक आणि परीक्षार्थी यांच्यातले अंतर मोठे असते, आणि ते कोणत्याही भाषेत असू शकते.

व्यंजनेची थोरवी यामुळे उणावत नाही. तिला सवड हवी, आणि ऐकू इच्छिणारा हवा. १९७९ च्या शिफारशीतला पहिला अर्धा भाग ऐकणाऱ्यासाठी होता, हे म्हणूनच आम्हांला महत्त्वाचे वाटते. बोलण्याचे धडे धाकट्यांना द्यायचे आणि ऐकण्याचे थोरांना, ही वाटणी आमच्या वर्गांनाही लागू पडते. तेथे प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात पुष्कळदा प्रश्न नसतो. आमची चूक त्याच्या ध्यानात आलेली असते.