पेटीपुढचा खडू

भद्रावतीत पाऊस लांबला, की घराच्या भिंतींना ओल चढते. अशाच एका श्रावणात माझ्या मधपेटीच्या दारापुढे पांढरे, टणक तुकडे पडलेले दिसले. वाटलं, शेजारच्या पोरांनी खडू मोडून टाकला असेल. उचलून पाहिलं तर त्या मेलेल्या अळ्या होत्या.

एका ओळखीच्या गृहस्थांनी 'रामबाण' म्हणून पूड दिली. मी ती पेटीत टाकली. दिवाळीआधीच पेटी ओस पडली. चूक कुठे झाली, हे शोधताना मी दोनशे वर्षं मागे गेलो.

इटलीत लोदी गावाजवळ आगोस्तिनो बास्सी नावाचा माणूस राहत होता. शिक्षण कायद्याचं, नजर अधू. त्या मुलखात रेशमाचे किडे मरून पांढरे, कडक पडत. रोगाला नावही चुन्यावरून पडलेलं. हा रोग किड्याच्या अंगात आपोआप उपजतो, अशी समजूत होती. बास्सीलाही आधी तसंच वाटलं. १८०७ पासून त्याने निरोगी किड्यांत रोग उपजवून पाहण्याची खटपट केली, ती फसली. अखेर १८३५ मध्ये त्याने छापून सांगितलं, की रोग बाहेरून येतो आणि त्याचं मूळ एक जिवंत बुरशी आहे. पाश्चर रेशीमकिड्यांच्या रोगांकडे वळला तो त्यानंतर तीस वर्षांनी. बास्सीचा उपाय साधा होता: रोगी किडे वेगळे काढा, जागा आणि साहित्य स्वच्छ करा.

आरमोरीकडे ऐनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळणाऱ्या आपल्या ढिवर बांधवांना ही गोष्ट परकी वाटू नये.

मधमाशीच्या अळ्यांनाही अशीच एक बुरशी लागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीत मासेन यांनी तिचं वर्णन केलं. तिचं आजचं शास्त्रीय नाव, अ‍ॅस्कोस्फेरा एपिस, १९५५ मधलं. रोगाला म्हणतात चॉकब्रूड, म्हणजे खडूरोग.

आपल्या जंगलात मध म्हणजे आग्या मोहोळ, रात्रीची मशाल आणि होरपळलेल्या माश्या. पेटीने हे बदललं. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीत कुमारप्पांच्या देखरेखीखाली चाललेल्या उद्योगांत मधमाशीपालनही होतं. पुढे १९४६ पासून महाबळेश्वरला सातेरी माशीचं काम उभं राहिलं. युरोपीय माशी भारतात रुजली ती १९६२ नंतर, तेव्हाच्या पंजाबातल्या नगरोटा बगवांपासून. खडूरोग मुख्यतः या माशीचा. सातेरीचा मोठा वैरी निराळा, थायसॅक नावाचा विषाणू. १९९१-९२ मध्ये त्याने केरळातल्या वसाहती उजाड केल्या.

झाडाच्या ढोलीत माशी आपली जागा स्वतः निवडते. पेटीसाठी जागा आपण निवडतो, म्हणून जबाबदारीही आपली. मी पेटी पत्र्याच्या आडोशाला, ओल्या जमिनीवर ठेवली होती. बुरशीचे बीजाणू अळीच्या पोटात खाद्यातून जातात. पोळ्यातली ऊब साधारण ३५ अंशांची; ती थोडी उतरली तरी बुरशी जोर धरते आणि अळीचा खडू होतो.

मी टाकलेली पूड प्रतिजैविकाची होती. ते जिवाणूंवर चालतं, बुरशीवर नाही. कुराणात एका सुरेचं नावच 'अन्-नहल', म्हणजे मधमाशी. मध हे औषध आहे, असं अब्बा सांगत. त्या औषधातच मी भलतं औषध मिसळून बसलो होतो. पेटीत उरलेला मध कुणाच्या तोंडी लागू नये म्हणून मी पुरून टाकला.

या रोगावर खात्रीचं औषध आजही नाही. पेटी उंच घोडीवर, पुढे किंचित कलती ठेवायची. वारा खेळता हवा. जुनी काळी पोळी काढून टाकायची, कमकुवत वसाहती एकत्र करायच्या. ज्या राणीची लेकरं मेलेल्या अळ्या चटकन बाहेर फेकतात, ती राणी आणायची. म्हणजे ते पांढरे तुकडे दारात पडणं हे माश्यांचं चाललेलं झाडलोटीचं काम होतं. त्या स्वतःच्या परीने बास्सीचाच उपाय करत होत्या.

बीजाणू वर्षानुवर्षं जिवंत राहतात. म्हणून दुसरी वसाहत आणण्याआधी मी जुन्या चौकटी अंगणात जाळल्या. आता पावसाळ्यात रोज सकाळी आधी पेटीचं दार पाहतो, मग चहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)