बाटली की बोंडलं?

बहीण धारणीला असते. बाळ थोडं आधीच झालं, वजन जेमतेम दोन किलो. अंगावर नीट ओढत नाही, म्हणून काढलेलं दूध पाजायचं. फर्मान आलं, "दादा, बाळाला सोयीची पडेल अशी बाटली पाहून आण." आम्ही पडलो इंजिनिअर, साधा माऊस घ्यायचा तरी दहा पानं वाचणार. वाचता वाचता बाटलीच्या इतिहासातच अडकलो.

रबरी निपलचं पेटंट 1845 चं, अमेरिकेतल्या एलिजा प्रॅटचं. पुढे इंग्लंडात एक बाटली फार खपली. चपटी काच, तिला लांब रबरी नळी, टोकाला निपल. बाळ पडल्या पडल्या स्वतःच दूध ओढणार, आई मोकळी. एकदम यूजर फ्रेंडली! फक्त नळीत ब्रश जात नसे. दूध आत आंबायचं. त्यात मिसेस बीटनबाईंनी 1861 च्या गाजलेल्या पुस्तकात निपल पंधरा दिवस काढायची गरज नाही असं लिहून ठेवलं. इतकी बाळं दगावली की लोक तिला 'खुनी बाटली' म्हणू लागले. फ्रान्सने 1910 मध्ये नळीच्या बाटल्यांवर कायद्यानेच बंदी घातली. तोवर नावेच्या आकाराची बाटली आली होती, दोन्ही टोकांना उघडी. तिची खरी सोय काय, तर आतून धुता यायची.

आपल्याकडे 1992 चा कायदा झाला. 1 ऑगस्ट 1993 पासून बाटलीची जाहिरात करायलाच बंदी. योगायोग बघा, त्याच वर्षी मेळघाटातले, म्हणजे धारणी-चिखलदऱ्याचे बालमृत्यू देशभर गाजले. त्याचं खापर बाटलीवर फोडणं चूक आहे. तिथे भूक होती, न्यूमोनिया होता, जुलाब होते, दवाखाना लांब होता. पण जिथे जुलाबाने बाळ जातं, तिथे नीट धुता न येणारी वस्तू न्यायची कशी?

शनिवारी अमरावतीला घरी आलो आणि हे सगळं ज्ञान आईला ऐकवलं. ती म्हणाली, "बाटली कायले पाह्यजे? तुह्यं बोंडलं हाये ना!"

चोचीची छोटी वाटी. ना झाकण, ना नळी, ना कोपरा. उकळलं की झालं. दक्षिणेत तिच्या बहिणीला पालडै म्हणतात. आणि कमी वजनाच्या बाळाला अंगावर पिता येत नसेल तर वाटी, पालडै किंवा चमच्याने पाजा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये चक्क लिहून दिलंय. म्हणजे माझं दोन दिवसांचं संशोधन आईच्या फडताळात पडून होतं :-)

बहिणीच्या डॉक्टरांनाही फोनवर विचारून घेतलं. "चालेल, पण घाई नको. बाळाला उभं धरून थोडं थोडं पाजा," म्हणाले.

बोंडलं पिशवीत ठेवलंय. उद्या सकाळच्या एसटीने परतवाड्यावरून निघतो.