लिनक्सवर मराठी-उर्दू अक्षरं बिघडली तर काय करावं?

गांधीजींनी १९४२ मध्ये वर्ध्यात हिंदुस्थानी प्रचार सभा सुरू केली, तेव्हा लोकांनी देवनागरी आणि उर्दू दोन्ही लिप्या शिकाव्यात असा त्यांचा आग्रह होता. आपल्या घरांत या दोन्ही लिप्या आजही नांदतात. मुलांचा दाखला मराठीत, निकाहनामा उर्दूत. पण अशा फाइली लिनक्सच्या कॉम्प्युटरवर उघडल्या की कधी अक्षरं दिसतच नाहीत. मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो. आधी बिघाड कुठला आहे, ते ओळखा.

१. नुसते चौकोन दिसतात: फॉन्ट नाही. नोटो सान्स देवनागरी आणि नोटो नस्तालिक उर्दू हे मोफत फॉन्ट टाका.

२. टोप्या-टिंबं लावलेली रोमन अक्षरं दिसतात: फाइल युनिकोडमध्ये आहे, पण प्रोग्रामने ती चुकीच्या पद्धतीने वाचली. लिब्रेऑफिसमध्ये सीएसव्ही यादी उघडताना जी चौकट येते, तिथे कॅरेक्टर सेट ‘यूटीएफ-८’ निवडा. बिघडलेली फाइल तशीच सेव्ह करू नका.

३. साध्या इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते: मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला आहे. तो फॉन्ट टाकला तर वाचता येईल, पण मराठीत शोधता येणार नाही. मूळ प्रत जपून ठेवा आणि कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या. नंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार नीट तपासा, चुका तिथेच जास्त होतात. उर्दू इनपेजच्या जुन्या फाइलींचंही असंच. त्यांची साठवण्याची पद्धत वेगळी असते, म्हणून त्याही युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

४. नाव दिसतं, पण शोधल्यावर सापडत नाही: उर्दूचे ‘काफ’ आणि ‘ये’ अरबी कीबोर्डवरून टाईप झालेले असू शकतात. ‘करीम’ हे नाव दोन्हीकडून सारखंच दिसतं, पण कॉम्प्युटरसाठी ती अक्षरं वेगळी. शाळेच्या यादीत किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात असं नाव जुळत नाही. सेटिंग्जमध्ये उर्दूचाच कीबोर्ड जोडा आणि नाव पुन्हा टाईप करा.

युनिकोडमध्ये बदललेला मजकूर घरातल्या मोठ्यांना एकदा वाचायला द्या. दादीचं नाव चुकलंय, हे मशीनला कळत नाही, त्यांना लगेच कळतं. दोन्ही लिप्या वाचणारं माणूस घरात आहे, तोवरच हे काम उरकून घ्या.